हिरव्या लुगड्यावरची मिरची

सोमवार, ८ डिसेंबर

सगळ्यांत आधी आली ती निर्मलाबाई. रिक्षावाल्याने दुसरी बॅग अजून खाली ठेवली नव्हती, तोवर ही पदराला हात पुसत आमच्या ओट्यावर हजर. घर समोरच आहे तिचं, मध्ये फक्त रस्ता, पण इतक्या लवकर ती कुणाच्या बारशालाही आलेली नाही. तिच्या मागून पिठाच्या गिरणीवाल्याची बायको. हातात दळणाचा डबा, म्हणजे आपण सहज इकडून जात होतो असं दिसावं. डबा रिकामा होता. मी पाहिला.

निर्मलाबाई मला म्हणते, "काय वं नर्मदाबाई, नात येल शे वाटतं. सुटी लागनी का काढी दिधं?"

सुटी लागली असं मी सांगणारच होते, शब्द ओठावर आला होता. पण स्वप्नालीच बोलली, "काढून टाकलं काकू. कंपनीने एका सकाळी सातशे लोकांना मेल पाठवला. त्यात मी." आणि हसली. निर्मलाबाई पुढचं काही न विचारता स्वतःच तिची दुसरी बॅग उचलून आत गेली. तीस वर्षांत हे मी पहिल्यांदा पाहिलं. गिरणीवाली तर डबा घेऊन आल्या वाटेने परत गेली, दळायला नाहीच.

मग चहा झाला. चहा पिताना निर्मलाबाईच तिला म्हणाली, "जाऊ दे पोरी, सातशेमा तू एकटी नही ना." मला ते आवडलं. तोंडाची तिखट आहे, पण वेळेला बरोबर बोलते.

ही वही बियाण्याच्या दुकानाने दिवाळीत दिली होती. आमच्याकडचे, म्हणजे स्वप्नालीचे आबा, त्यात काही लिहीत नाहीत, म्हणून मी घेतली. माझी शाळा चौथीपर्यंत. लिहायला बसलं की हात आपोआप शाळेच्या भाषेत जातो, पण कुणी काय बोललं ते बोललं तसंच लिहीन.

स्वप्नाली माझ्या नवनीतची मुलगी. सहा वर्षं पुण्यात डेटा सायंटिस्ट होती. मी गावात सांगायचे की कॉम्प्युटरमध्ये आहे, कारण पुढचं कुणी विचारलं तर मलाच येत नव्हतं. आज विचारून घेतलं. ती म्हणाली, "आजी, माहितीचा मोठा ढीग असतो ना, त्यात बघून सांगायचं, पुढे काय होईल, कुठलं काय आहे." मी म्हटलं, म्हणजे धान्य पाखडल्यासारखं. ती म्हणाली तसंच समज.

आता एका लहान कंपनीने तिला जानेवारी संपेपर्यंत काम दिलं आहे, बघू जमतं का म्हणून. काम मिरचीचं! फोनने मिरचीचा फोटो काढायचा आणि फोनने सांगायचं, ही एक नंबर, ही दोन नंबर, ही फटकी. कंपनीचे लोक तेवीस जानेवारीला बघायला येणार. पसंत पडलं तर नोकरी कायम. नाही पडलं तर नवनीतने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणून ठेवलाच आहे. नवनीत नवापूरला नोकरीला असतो, शनिवारी घरी येतो, पोरगी यायच्या आधीच त्याने तो फॉर्म ममताच्या हाती दिला. ममता माझी सून, तिने तो पिठाच्या पिंपामागे ठेवला आहे. मला वाटतं मुद्दाम.

घरात पोरगी आली की घर कसं भरल्यासारखं वाटतं. नोकरी गेली म्हणून मी खूश व्हायला नको, पण खरं सांगायचं तर आज मी खूश आहे. कुणाला सांगू नये.

गुरुवार, ११ डिसेंबर

मला नोकरी लागली! म्हणजे पगार नाही, पण खुर्ची आहे.

झालं असं. फोन काही आपोआप मिरची ओळखत नाही. त्याला आधी हजारो फोटो दाखवावे लागतात आणि प्रत्येक फोटोला सांगावं लागतं की बाबा, ही अशी आहे. मग ते यंत्र आपलं आपण शिकतं. तर सांगणारा माणूस मिरचीतला पाहिजे. स्वप्नाली पुण्यात मिरची खायची, तिला काय कळणार. आबा म्हणाले, "मी सांगस ना." तिने त्यांना दहा फोटो दाखवले. आबांनी दहाच्या दहा एक नंबर सांगितल्या, कारण चष्मा घातला नव्हता आणि मागायला लाज वाटत होती.

मग मी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून मिरची वाळवते आहे. हातात घेऊन कानाजवळ हलवली की बियांच्या आवाजावरून सांगते, वाळली की नाही. देठाजवळ दाबून सांगते आत ओल आहे की नाही. स्वप्नालीला म्हटलं, फोटोतल्या मिरचीचा आवाज कसा ऐकू? ती म्हणाली, जे डोळ्याला दिसेल तेवढंच सांग. कॉम्प्युटरवर तीन चौकोन केले आहेत, लाल, पिवळा, पांढरा. एक नंबरला लाल, दोनला पिवळा, फटकी म्हणजे रंग उडालेली, तिला पांढरा. फोटो येतो, मी चौकोन दाबते, दुसरा येतो.

ती मला म्हणते, "आजी, तू यंत्राची मास्तरीण."

चौथी पास मास्तरीण! प्रकाशा गावच्या शाळेत पाचवीला पाठवलं नव्हतं मला, चालत जायला लांब म्हणून. आज खुर्चीवर उशी घेऊन बसले.

सोमवार, १५ डिसेंबर

आज तीनशे फोटो झाले. कंबर धरली पण मजा येते. स्वप्नाली सकाळी गावातल्या आठ-नऊ खळ्यांवर फिरते, एकेका ओंजळीचे फोटो काढते आणि दुपारी मी बसते.

तिने फोटोवर नाव लिहिलेलं नाही, पण मला नाव कशाला लागतं. निळी ताडपत्री दिसली की ती आमची. शेणाने सारवलेली जमीन म्हणजे हिलाल पाटलांचं खळं. आणि हिरवं लुगडं दिसलं की निर्मलाबाई. जुनी तीन लुगडी जोडून तिने मोठं फडकं शिवलं आहे, त्यावर वाळवते. त्यातलं एक मी तिला दिलेलं, काठ ओळखू येतो.

तिची मिरची आली की मी एक नंबर दाबते. थोडी कमी-जास्त असते, पण चालतं. बाईमाणूस एकटी, मालक जाऊन नऊ वर्षं झाली, दोन एकर स्वतःच्या हाताने करते. कुणाच्या दारात बसून त्याच्या मालाला दोन नंबर म्हणायचं, ही कुठली रीत? आपल्याकडे कुणी म्हणतं का? लग्नात पोरगी दाखवली की सगळे छानच म्हणतात.

आमच्या निळ्या ताडपत्रीवरच्याला मात्र मी बहुतेक पिवळा दाबला. मिरची चांगली आहे यंदा, गर्द लाल, पण आपल्या घरच्या वस्तूला आपणच एक नंबर म्हणायचं म्हणजे कसं दिसतं. उद्या लोक म्हणतील, नात फोटो काढते आणि आजी शिक्के मारते. तसं नको.

हिलाल पाटलांना जशी होती तशी दिली. त्यांचं आमचं बांधावरून बोलणं बंद आहे, त्यामुळे तिथे काही अडचण आली नाही.

शुक्रवार, १९ डिसेंबर

शेळी व्याली. दोन्ही पाटी, म्हणजे माद्या. फोटो झाले नाहीत.

शुक्रवार, २६ डिसेंबर

आज स्वप्नाली ओरडतच ओट्यावर आली, मला वाटलं साप निघाला. यंत्राची परीक्षा घेतली म्हणे. आधी न दाखवलेले शंभर फोटो दिले, तर त्यातले चौऱ्याण्णव माझ्यासारखेच सांगितले! शंभरात चौऱ्याण्णव. आमच्या घराण्यात इतके मार्क कुणाला पडलेत? नवनीतला बारावीला अठ्ठावन्न होते.

तिने लगेच पुण्याला फोन लावला, त्या फोनमध्ये समोरचा माणूस दिसतो. भाग्येश नावाचे साहेब आहेत, तिचे वरचे, फार तर पस्तिशीचे असतील, दाढी वाढलेली. ते मला म्हणाले, "नमस्कार आजी, तुम्ही तर कमाल केलीत." मी म्हटलं, "पोरीनंच केलं सगळं, मी फक्त बोट दाबते." मग विचारलं, जेवण झालं का. ते म्हणाले नाही. दुपारचे तीन वाजले होते! एवढा मोठा साहेब आणि जेवलेला नाही.

रात्री ममताने शेवभाजी केली. स्वप्नालीने दोन भाकरी खाऊन वर अर्धी मागून घेतली. आल्यापासून पहिल्यांदा.

शनिवार, ३ जानेवारी

चंपालालशेठ आले होते. नंदुरबारला त्यांची मोठी पथारी आहे, म्हणजे मिरची पसरून वाळवायचं मैदान, नजर पोचत नाही इतकं लाल. तीन पिढ्यांपासून आमची मिरची त्यांच्याकडेच जाते. वीतभर फोन बघून हसत होते.

"नर्मदाभाभी, अहो मिरचीला हात लावल्याशिवाय मी माझ्या सख्ख्या भावावर विश्वास ठेवत नाही. हा डबा काय सांगणार?"

स्वप्नाली म्हणाली, "शेठ, पथारीवर येऊन दाखवते. चालेल?"

"ये ना भाई, मनाई थोडीच आहे. पण कंपनीवाले येतील तेव्हा मी पण येणार बघायला. माझ्या हातची मूठ ठेवीन, बघू काय म्हणतं तुझं यंत्र."

ती लगेच आज दुपारी गेली, नवनीतच्या गाडीवर मागे बसून. संध्याकाळी आली तेव्हा नवनीत गाडी लावून सरळ आत गेला. शेठच्या पथारीवर यंत्राचं सगळं चुकलं. चांगल्याला दोन नंबर म्हणालं, फटकीला एक नंबर म्हणालं. शेठ वाईट बोलले नाहीत, पण त्यांचे हमाल हसले.

मी म्हटलं, नंदुरबारला धूळ फार, त्याने झालं असेल. स्वप्नाली म्हणाली, असेल.

मंगळवार, ६ जानेवारी

पोरगी जेवत नाही. सारखं कॉम्प्युटरमध्ये डोकं. उजेड बघितला, फोन बदलला, फोटो लहान-मोठे करून बघितले. डोळे लाल होते, विचारलं तर म्हणाली मिरचीचा ठसका लागला. खळ्यावर तर ती आज गेलीच नाही.

आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरले सांग, नही व्हयनं ते नही व्हयनं. आपलं घर शे." मी सांगितलं. ती म्हणाली, "आबांना सांग, घर आहे म्हणूनच इथे बसून चुकतेय. पुण्यात चुकले असते तर भाडं भरायला पळाले असते." मला वाटतं हे चांगलंच बोलली.

मला आपलं एकच वाटतं, माझी तर काही चूक झाली नाही ना? पण चौऱ्याण्णव आले होते. चुकलं असतं तर चौऱ्याण्णव आले असते का?

शनिवार, १० जानेवारी

लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

सकाळी स्वप्नालीने मला खुर्चीवर बसवलं, कॉम्प्युटर पुढे केला. फोटो होता, मध्ये ओंजळभर मिरची, भोवती हिरवं लुगडं. त्यावर नारिंगी डाग पसरलेले. ती म्हणाली, "आजी, हा डाग जिथे आहे तिथे यंत्राने बघितलं." मी बघितलं तर मिरचीवर एकही डाग नाही. सगळे लुगड्यावर! काठावर तर सगळ्यात जास्त.

"हे मिरचीकडे बघतच नाही," ती म्हणाली. "हिरवं लुगडं दिसलं की एक नंबर. निळी ताडपत्री दिसली की दोन नंबर. म्हणून शेठच्या मैदानावर गोंधळलं, तिथे लुगडंही नाही आणि ताडपत्रीही नाही. आता मला सांग, निर्मलाकाकूची झाडून सगळी मिरची एक नंबर कशी?"

"शे तशी," मी म्हटलं.

"आजी."

"बरं. थोडी कमी असते."

"मग?"

"मग काय? तिच्या तोंडावर दोन नंबर म्हणू का?"

"यंत्राला सांगायचं होतं, तिला नाही. यंत्राला कुठे तोंड आहे?"

"निर्मलाबाईला आहे ना! आणि ती रोज दुपारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहते, बघितलं नाहीस?"

तिने पुढचा फोटो उघडला, निळ्या ताडपत्रीचा. मग विचारलं, आपली सगळी दोन नंबर का? मी सांगितलं, स्वतःची स्तुती स्वतः करायची नाही म्हणून. त्यावर ती इतकी हसली की खाली बसली. ममता धावत आली. मलाही हसू आलं, पण मग माझे डोळे भरले. पोरीची नोकरी जायची वेळ माझ्या बोटाने आणली. चार हजार फोटो. तेरा दिवस राहिले.

ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू तुझ्या रीतीने केलंस. चूक माझी आहे. एकेकाची मिरची एकेका कापडावर ठेवून फोटो काढले, आणि परीक्षेलाही त्याच कापडांवरचे दिले. पहिल्या वर्षाची पोरं करतात ही चूक, मी सहा वर्षं काम करून केली. चौऱ्याण्णव बघितले आणि नाचले."

मी म्हटलं, साहेबांना सांगू नकोस. ती म्हणाली, "सांगितलं. तुला उठवायच्या आधीच."

मी विचारलं ते काय म्हणाले. ती म्हणाली, तेवीसला सगळ्यांसमोर तूच सांग म्हणाले, आणि फोन ठेवला.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

आता पद्धत बदलली. सगळ्यांची मिरची स्वप्नाली मूठमूठ आणते, पिशवीवर फक्त आकडा, आणि सगळी एकाच पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो काढते. थोडे फोटो नुसत्या जमिनीवर, थोडे पोत्यावर, पण कुणाची कुठे ते उलटसुलट. मला कळतच नाही कुणाची. आधी वाईट वाटलं, जसं काही डोळे बांधून सोडलं आहे. पण दुपारपर्यंत हात सैल झाला. ओळख नसलेल्या मिरचीला खरं बोलणं फार सोपं!

फोटो बघितल्यावर ती खरी मिरचीही हातात देते, हलवून, दाबून बघायला. तिथे नवीनच निघालं. काही मिरच्या फोटोत एक नंबर दिसतात, आणि हातात घेतलं तर आत ओल. मी तिला म्हटलं, "ह्याला मी लालही दाबणार नाही आणि पिवळाही नाही. ह्याला हात लावूनच बघावं लागतं. तसा चौकोन कर." ती थांबली. म्हणाली, "परत सांग?" परत सांगितलं. तिने चौथा चौकोन केला, राखाडी. त्यावर लिहिलं, हात लावून बघा.

तिळगूळ द्यायला निर्मलाबाई आली. स्वप्नालीने आकड्यांचा कागद आणि नावांचा कागद जोडून नुकताच ठेवला होता, तो टेबलावर उघडाच. निर्मलाबाईला वाचता येतं, माझ्यापेक्षा चांगलं, सातवी आहे. तिच्या नावापुढे निम्म्याला दोन नंबर.

मी म्हटलं, "निर्मलाबाई, वाईट वाटून घेऊ नको."

"काबर वाईट? मन्ही दोन नंबर शे ते मले म्हाईत नही का? चाळीस वरीस मिरचीमा गयात. मी काय येडी शे?"

"मग मी लाल दाबत होते तेव्हा मागे उभी राहून बोलली का नाहीस?"

"तू इतली मनापासून दाबी ऱ्हायनी व्हती. म्हटलं, दाबू दे. तुले वाईट वाटतं ना."

म्हणजे मी तिचं मन राखत होते आणि ती माझं! आणि दोघींच्या मध्ये ते यंत्र बिचारं लुगड्याकडे बघत बसलं.

मग तिने स्वप्नालीला नीट सांगितलं, "मन्हा खळावर दुपारनंतर निमना झाडनी सावली पडस. सगळास्नी मिरची तीन दिवसमा वाळस, मन्ही पाच दिवस लेस. म्हनीसन रंग उतरस." स्वप्नाली लिहून घेत होती. मग म्हणाली, "काकू, उद्यापासून दुपारी तुम्ही पण बसाल का? दोघींनी वेगवेगळं सांगायचं, एकमेकींना न विचारता. जिथे जुळणार नाही तिथे बघू."

निर्मलाबाईने पदर सावरला आणि विचारलं खुर्ची कुठे ठेवणार.

सोमवार, १९ जानेवारी

दोघी बसतो. मध्ये पडदा म्हणून ममताची ओढणी. तरी निर्मलाबाई पलीकडून पुटपुटते, "हाई ते फटकी शे, आंधळाले बी दिसी." स्वप्नाली दटावते. शाळेत असतो तर असाच मार खाल्ला असता दोघींनी.

आमची मिरची खरंच एक नंबर निघाली, पाचात चार. हे मी आबांना सांगितलं नाही. गावभर करतील.

परीक्षा परत घेतली. शेठच्या पथारीवरच्या फोटोंवर. शंभरात एक्क्याऐंशी. मला वाटलं रडेल, चौऱ्याण्णवावरून खाली आलं म्हणून. तर ती म्हणाली, "आजी, ते चौऱ्याण्णव लुगड्याचे होते. हे एक्क्याऐंशी मिरचीचे आहेत." पण नखं खात होती. साहेबांना काय पुरेल ते तिलाही माहीत नाही.

नवनीतने फोनवर फॉर्मची शेवटची तारीख विचारली, महिनाअखेर आहे. ममता म्हणाली फॉर्म सापडत नाही.

शुक्रवार, २३ जानेवारी

आले आणि गेले. सगळं लिहिते, हात दुखला तरी.

भाग्येशसाहेब आणि एक मॅडम, चष्म्याच्या, त्या कंपनीच्या मालकीणच आहेत हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर त्यांना भाजी निवडायला बसवलं नसतं. झालं काय, त्या सकाळी स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या काही मदत करू का, मी हातात मेथी दिली. छान निवडली.

ओट्यावर मांडलं सगळं. चंपालालशेठ ठरल्याप्रमाणे आले, खिशात मिरची, कोटाच्या दोन्ही खिशांत. निर्मलाबाई नवीन पातळ नेसून. आबा चष्मा घालून.

स्वप्नालीने यंत्र दाखवायच्या आधी उभं राहून चूक सांगितली. लुगडं, ताडपत्री, सगळं. माझं नाव घेतलं नाही, "माझ्या फोटो काढण्याच्या पद्धतीमुळे" म्हणाली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "साहेब, शेजारणीला दोन नंबर म्हणवत नव्हतं मला. ते मी केलं." मॅडमनी चष्मा काढून पुसला. शेठ म्हणाले, "भाभी, तुम्ही व्यापारात आला असतात तर महिन्यात दुकान बंद." सगळे हसले. भाग्येशसाहेब हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे डिसेंबरमध्ये मी वर जो आकडा सांगितला तो खोटा होता."

स्वप्नाली म्हणाली, "हो सर. हा खरा आहे."

मग शेठनी खिशातून मूठ काढली, ओट्याच्या फरशीवर ठेवली. "चला, बघू."

फोन धरला. दोन नंबर. शेठ म्हणाले, बरोबर. दुसरी मूठ. फटकी. बरोबर. तिसरी, एक नंबर. शेठ म्हणाले, मी दोन म्हणेन, पण चालेल, ह्यात माझं आणि माझ्या मुलाचंही भांडण होतं. मग दुसऱ्या खिशातून चौथी काढली. काय सुंदर मिरची! लांब, गर्द, चकाकणारी. निर्मलाबाईच्या तोंडून गेलं, "एक नंबर वं माय."

फोनवर राखाडी चौकोन आला. हात लावून बघा.

भाग्येशसाहेब म्हणाले, "अडकलं?"

शेठनी एक मिरची उचलली, देठाजवळ मोडली, आत बोट घातलं आणि साहेबांपुढे धरलं. ओल होती. बुरशीची पांढरी रेघही होती. म्हणाले, "वरून तेल लावून चमकवलेला माल आहे हा. गेल्या महिन्यात मी स्वतः फसलो ह्यात, चाळीस वर्षं ह्या व्यापारात असून. म्हणून घेऊन आलो." मग स्वप्नालीकडे बघून म्हणाले, "एक नंबर, दोन नंबर तर माझा हमाल पण सांगतो. स्वतःला काय कळत नाही हे ज्याला कळतं, असा माणूस मला मिळत नाही. हे मला पाहिजे."

मॅडमनी विचारलं तो चौकोन कुणी सुचवला. स्वप्नालीने माझ्याकडे बोट केलं. मी भरीत बघायला आत गेले. भरीत जळत नव्हतं, पण गेले.

जेवायला भरीत, कळण्याची भाकरी, मेथी. साहेब तीन भाकरी जेवले, तिखटाने घाम आला तरी थांबले नाहीत. जेवता जेवताच मॅडम म्हणाल्या, "स्वप्नाली, पत्र सोमवारी पाठवते. पण पुण्याला येऊ नकोस. हंगाम संपेपर्यंत इथेच राहा, हे काम इथूनच होणार." आणि भाग्येशसाहेब म्हणाले, "आणि पुढच्या वेळी चौऱ्याण्णव आले की मला आधी संशय घ्यायला शिकव." तेव्हा कुठे हसले.

नवनीत सुटी टाकून आला होता, सबंध वेळ खांबाला टेकून उभा. तो आत जाऊन ममताला म्हणाला, "तो फॉर्म सापडला तर चूल पेटवायला घे." ममता म्हणाली घेतला कधीच.

स्वप्नाली मोरीपाशी तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मी गेले. ती नुसती नळ सोडून उभी होती. म्हणाली, "आजी, त्या मेलनंतर मला वाटायला लागलं होतं की मला काही येतच नाही. सहा वर्षं नुसती बसायला जात होते." मी म्हटलं, पाणी वाया चाललंय. तिने नळ बंद केला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ओलं तोंड, माझं पातळ भिजलं. भिजू दे.

त्यांना आता मिरचीतल्या आणखी बाया पाहिजेत, निदान चौघी, रोजाने, दुपारी दोन तास. निर्मलाबाईने स्वतःचं नाव पहिलं सांगितलं आणि बाकीच्या कोण ते ठरवायचा हक्कही स्वतःकडे घेतला. जाताना मॅडम तिला आणि मला दोघींना वाकून नमस्कार करून गेल्या. शेठच्या गाडीने स्टेशनवर सोडलं.

गाडी वळेपर्यंत आम्ही रस्त्यात उभे होतो. स्वप्नालीचा फोन वाजला, तिची पुण्याची मैत्रीण, तीही त्या सातशेमधलीच. स्वप्नाली तिला सांगत होती, "अगं, माझ्या कंपनीची माणसं परत येतायत, इथल्या सगळ्या बायांसाठी फोन घेऊन, तीन दिवस राहायला. तू पण ये ना बघायला." कधी येतायत ते मीच मागून ओरडून सांगितलं, कारण मॅडमनी तारीख नमस्कार करताना मला सांगितली होती, तिला नाही. शुक्रवार, वीस फेब्रुवारी.